डोळे उघडील त्यानं दिवा लावायचा

आमचं बेट कृष्णेच्या पात्रात होतं. चिकोडी तालुक्याच्या नकाशात शोधायला जाऊ नका. नकाशा काढणारा साहेब आला तेव्हा पूर होता आणि त्याला पाण्यातून वर आलेले झाडांचे शेंडे तेवढे दिसले, असं आमच्याकडं सांगतात. पलीकडचे कानडी शेतकरी त्याला नडुगड्डी म्हणत, अलीकडचे बेट म्हणत, आणि आत राहणारे आम्ही नुसतं गाव म्हणायचो, कारण आम्हाला दुसरं गावच नव्हतं. केवढं होतं? नांगर वळवताना पुढं बैलांची तोंडं एका बाजूच्या पाण्यात आणि मागं नांगरधाऱ्याचे पाय दुसऱ्या बाजूच्या पाण्यात. थोडं वाढवून सांगतोय. बैलांची तोंडं कोरडी राहायची.

या बेटावरचा एकुलता एक फोटोग्राफर मी, आणि एकुलता एक मूर्तिकारही मीच. दोन्ही धंद्यांत माझ्या तोडीचा माणूस तिथं जन्मायचा होता. गिऱ्हाईकही जन्मायचंच होतं.

फोटोचं काम मी बेळगावच्या कँपात शिकलो. तिथं एका म्हाताऱ्या गोऱ्या माणसाचा स्टुडिओ होता. पलटणीतले सोल्जर मायदेशी आईला पाठवायला फोटो काढून घ्यायचे. आदल्या रात्री मारामारी करून आलेल्याचा काळानिळा डोळा फोटोत गोरा करायचं काम माझ्याकडं होतं. बारीक ब्रशानं मी इतक्या आयांची समजूत घातली आहे की वर गेल्यावर त्याच माझ्या बाजूनं साक्ष देतील.

एकदा जांबोटीच्या रानात एका कप्तानानं वाघ मारला. त्याचा फोटो काढायला मला पाठवलं. कप्तान वाघावर पाय ठेवून उभा, मी काळ्या कापडात डोकं घालून, आणि बघायला आलेल्या गर्दीत एक पोरगी तोंडाला पदर लावून हसत होती. मी कापडातून डोकं काढून विचारलं, "काय झालं हसायला?"

"वाघापरास तुमीच जास्ती मेल्यागत दिसताय," ती म्हणाली.

तिच्याशीच माझं लग्न झालं. वाघाचा फोटोही चांगला आला होता.

पुढं वडील वारले. बेटावरचा जमिनीचा तुकडा बघायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून बायकोला घेऊन मी घरी आलो. निघताना म्हाताऱ्या साहेबानं आपला जुना कॅमेरा, काळं कापड आणि तीन पायांचं तिकाटणं मला दिलं. म्हणाला, "मी कायमचा देशाला जाईन तेव्हा ही खुर्ची तुझी." मी म्हणालो, एक सुगी काढतो आणि येतो.

त्या सुगीच्या मागं किती सुग्या गेल्या ते विचारू नका.

बेटावर काळोखी खोली कुठली आणणार? घरात धान्याची कणगी होती. माणूस आत उभा राहिला तर वर केस दिसावेत एवढी उंच. तिला आतून शेण लिंपलं, वर घोंगडं टाकलं, लाल कापडाचा कंदील आत नेला, आणि मी तिथं फोटोच्या काचेच्या प्लेटा धुवायला लागलो. शेजारची म्हातारी जोंधळे उसने मागायला आली, तिनं घोंगडं उचललं आणि आत लाल उजेडात मी उघडा बसलेला बघून ती जी पळाली, ती पोहता येत नसताना पलीकडच्या काठाला लागली असं म्हणतात. पावसाळ्यात नदीचं पाणी लाल. त्यात धुतलेल्या प्लेटांवर ठिपके यायचे, आणि बघावं तो माणूस देवी येऊन गेल्यासारखा दिसायचा.

म्हणून कामाला निपाणीला जायचो. तिथं तंबाखूच्या वखारी. एका जैन व्यापाऱ्यांना वखारीतच फोटो हवा होता, मागं तंबाखूची थप्पी दिसली पाहिजे. मी म्हणालो, "आण्णा, हलू नका." त्यांनी श्वास धरला. आणि थप्पीचा खकाणा माझ्या नाकात गेला. मी शिंकलो, ते शिंकले, हमाल शिंकले, दारातला घोडा शिंकला. प्लेट धुतली तर व्यापाऱ्यांना तीन डोकी. मी गप्प तीच नेऊन दिली. ते खूश. दत्तासारखं दिसतंय म्हणाले. मी म्हणालो, "आण्णा, तुम्ही तर जैन." ते म्हणाले, "पण गिऱ्हाइकं समद्या जातीची येत्यात की."

असं चाललं होतं. मग तो पूर आला.

आमच्या घाटाच्या वरच्या पायरीवर कृष्णामाईचा दगड होता. दगड म्हणजे दगडच, नाक नाही डोळे नाहीत, नुसता शेंदूर. त्या पुरात तो वाहून गेला. पाणी ओसरल्यावर गाव जमलं. पाटील होते, गुरव आप्पा होते. गुरव आप्पा म्हणजे कृष्णामाईची पूजा करणारे, आमच्याकडचे सगळ्यांत म्हातारे गृहस्थ, स्वतःचं वय विचारलं तर आजूबाजूच्या चिंचेकडं बोट दाखवायचे. ठरलं की नवा दगड आणायचा. मी बेळगाव बघून आलेला माणूस, मी गप्प बसतो होय?

"दगड कशाला?" मी म्हणालो. "मी मूर्ती घडवतो. अशी घडवतो की पाणी तिच्या पायाला लागलं की लाजून माघारी फिरलं पाहिजे!"

त्याआधी मी मातीचे बैल आणि मातीचे गणपती केले होते. पाषाणाला हात लावला नव्हता. पण बोलून बसलो होतो. उन्हाळ्यात नदीला उतार पडला तेव्हा गाडीतून काळा पाषाण आणला आणि छिन्नी घेऊन बसलो. तोंड कुणासारखं करावं? गावातली एकही बाई समोर बसेना. शेवटी बायकोचा फोटो काढला आणि तो समोर ठेवून घडवलं. त्या दिवशी चुलीतलं लाकूड ओलं होतं, ती धुरानं आणि माझ्यावर, दोन्हीवर चिडलेली होती. तीच चीड दगडात उतरली. गावानं मूर्ती बघितली आणि सगळे दोन पावलं मागं सरले.

"झ्याक," पाटील म्हणाले. "ह्या बाईम्होरं पाणी यायचंच न्हाय."

मग मी सगळ्यांच्या समोर बारीक छिन्नीनं तिची बुबुळं उघडली. वाजंत्री वाजली, नारळ फुटला. मी घाम पुसला आणि म्हणालो, "झालं."

गुरव आप्पा काठी टेकत पुढं आले. "झालं न्हवं, सुरू झालं. दिवा लाव."

"मी?"

"मग काय मी? डोळं कुणी उघडलं?"

आमच्या बेटावर एक रीत होती, आणि ती मला अर्थातच ठाऊक होती. मातीचा बैल असो, गणपती असो, गौरीचा मुखवटा असो, ज्याच्या हातानं डोळे उघडले त्यानं रोज दिवेलागणीला दिवा लावायचा, विसर्जनापर्यंत. लहानपणी आम्ही डोळे रंगवायला भांडायचो, कारण प्रसादात वाटा मोठा. दहा दिवस दिवा लावायचा, मग मूर्ती नदीत सोडायची, माती विरघळली की माणूस मोकळा.

पण डोळे असलेली दगडाची मूर्ती बेटावर आजपर्यंत कुणी केलीच नव्हती. जुन्या दगडाला डोळे नव्हते, तिथं जाता येता कुणीही दिवा लावायचा. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, पाटलांच्या आली नाही, साऱ्या गावात कुणाच्याच आली नाही.

"आप्पा," मी म्हणालो, "विसर्जन कधी?"

गुरव आप्पांनी मूर्तीवर हात फिरवला, वरून खाली. "दगड इरघळंल तवा."

गाव हसलं. मीही हसलो. दोनतीन दिवसांनी माझं हसू थांबलं.

सांगतो कसं ते. दिवेलागणीला रोज घाटावर हजर राहायचं म्हणजे माणसाच्या पायाला दावं बांधल्यासारखंच. दाव्याची लांबी एक दिवस. सकाळी नावेतून निघून दिवस मावळायच्या आत परत येता येईल तेवढं माझं जग. चिकोडी त्यात बसायची. निपाणी ओढूनताणून, गाडी वाटेत अडली नाही तर. बेळगाव बाहेर. निपाणीत मी फोटो काढायचो तो एक डोळा काचेला आणि दुसरा सूर्याला लावून. गिऱ्हाईक म्हणायचं, जरा पगडी नीट करतो. मी म्हणायचो, पगडी छान आहे, पगडीसारखी पगडी नाही, बसा! बाहेर दारावरची सावली उंबऱ्याला टेकली की मी तिकाटणं मिटायला लागायचो.

माझा विश्वास होता असं नव्हे. एकदा परतताना गाडीचं चाक निखळलं आणि मला उशीर झाला. दिवा चुकला. त्याच रात्री नदीनं पाटलांची कडब्याची गंजी नेली. पाणी दोन दिवस आधीपासून चढत होतं, हे गंजीशेजारी बांधलेल्या म्हशीलाही माहीत होतं. पण म्हैस बोलली नाही. त्या दिवसापासून नावाडी मला पलीकडं उतरवताना विचारायचा, "आण्णा, किती वाजता?" आणि मी सांगितलेल्या वेळेला तो काठावर उभा असायचा, जेलरासारखा. पावसाळ्यात तर नावच बंद. आषाढ ते भादवा चारी बाजूंनी लाल पाणी, मधे आम्ही, आणि घाटावर माझ्याच हातानं घडवलेली माझ्याच बायकोच्या तोंडाची देवी माझ्याकडं चिडून बघतेय. घरी आलो की तेच तोंड.

"असं काय बघताय?" बायको विचारायची.

"काही नाही. आत्ताच भेटून आलो."

वर्षं गेली. अंगात अशी सवय भिनली की दुसऱ्या कुणाच्या लग्नात जेवत असलो तरी उजेड पिवळा झाला की हात आपोआप काड्याची पेटी शोधायचा.

मग एका उन्हाळ्यात कँपातल्या साहेबाचा खानसामा नावेतून उतरला. साहेबाचा निरोप होता. दसऱ्यानंतर साहेब बोटीत बसणार, कायमचा. स्टुडिओ मला द्यायचा त्याचा शब्द कायम होता. पण मी आता खेडवळ झालो असेन, म्हणून पावसाळ्याआधी यायचं, चार महिने त्याच्या देखत काम करून दाखवायचं आणि दसऱ्याला त्याच्या खुर्चीत बसायचं. दसऱ्याला खुर्ची रिकामी दिसली तर पुण्याचा एक माणूस टपून बसला होता.

माझ्या छातीत जे काही झालं त्याला ढोल म्हणणं कमी पडेल. खानसामा म्हणाला, "बीमार हैं क्या?"

मी तसाच गुरव आप्पांकडं गेलो. "आप्पा, मला सोडवा."

"मी कुठं धरलंय?"

"काहीतरी वाट असंल की."

गुरव आप्पांनी बराच वेळ तंबाखू मळली. त्यांनाही माझी दया येत असावी, कारण मी रोज संध्याकाळी दिवा लावायच्या निमित्तानं त्यांच्याजवळ बसून रडगाणं गायचो आणि त्यांना कंटाळा आला होता. म्हणाले, "पूजेला माणूस नसला तर त्याच्या जागी सुपारी ठेवत्यात. तसं तुझी मूर्ती कर. हातात दिवा धरलेली. ती बसंल तुझ्या जागी."

"मातीची चालंल?"

"माती धा दिवसाची. तुला चार म्हैनं पायजेत. दगडाचीच कर."

मी पाषाणाला असा भिडलो की छिन्नीच्या आवाजानं बेटावरच्या कोंबड्यांनी अंडी घालणं सोडलं. आरशात बघून स्वतःला घडवलं. जरा तरुण केलं, खांदे रुंद केले. कोण तपासायला येणार आहे? हातात दगडाचीच पणती. देवीच्या समोर ती मूर्ती उभी केली. डोळे तेवढे बाकी ठेवले.

कारण माझे डोळे मीच उघडले तर मीच बांधला गेलो, मग सुटलो कसा? दुसऱ्या कुणीतरी उघडायला हवेत. आणि जो उघडेल, त्यानं माझ्या हातातल्या पणतीत रोज दिवा लावायचा.

गाव जमलं. मी छिन्नी पुढं केली.

पाटील म्हणाले, "माझं गुडघं." गुडघ्यांचं काय, ते सांगितलं नाही. नावाडी म्हणाला, "मी पाण्यावरचा माणूस, माझा काय भरवसा?" शेजारची म्हातारी म्हणाली, "मला तर दिसतच न्हाय," आणि हे म्हणताना तिनं पलीकडच्या काठावरून येणारा आपला जावई ओळखला. गुरव आप्पा म्हणाले, "मी आज हाय उद्या न्हाय." हे ते माझ्या जन्माआधीपासून म्हणत होते. छिन्नी सगळ्या गावातून फिरली आणि माझ्या हातात परत आली.

"आणा हिकडं," मागून आवाज आला.

बायको पदर खोचून पुढं आली.

"अगं, तुला कळतंय का? तू बांधली जाशील."

"आनि आता काय मोकळी हाय? रोज दिस मावळताना तुमचं तोंड बघवंना मला. एकदाचं जावा आनि बघून या." तिनं छिन्नी घेतली. "कुठं मारायचं?"

मी तिचा हात धरून दाखवलं. तिनं दोन घाव घातले. डावा डोळा जरा बारीक झाला, उजवा जरा मोठा. त्यामुळं त्या मूर्तीत मी कुणाला तरी डोळा मारतोय असं दिसतं. लोकांना तेच आवडतं.

दुसऱ्या दिवशी मी नावेत बसलो. नावाडी पहिल्यांदाच "किती वाजता" म्हणाला नाही.

बेळगाव! चिकोडीपासून सर्व्हिस मोटारीत मी टपावर बसून गेलो, आत हवा पुरेना म्हणून. कँपात पोचलो तर साहेबाची पाठ वाकलेली, स्टुडिओ तसाच. मी काम असं केलं की साहेब महिन्याभरात खुर्चीत बसून पेंगायला लागला. नवऱ्या मुली, वकील, पलटणीतले बँडवाले, एक गवई ज्याला तान घेतानाच फोटो हवा होता, सगळे माझ्यासमोर बसले. शनिवार खुटाच्या चौकात मी माझ्या नावाची पाटीसुद्धा रंगवायला टाकली. संध्याकाळी मात्र एक गोष्ट व्हायची. उजेड पिवळा झाला की माझा हात खिशात जायचा आणि काडी पेटायची. गिऱ्हाईक विचारायचं, "बिडी ओढताय?" मी म्हणायचो, हो. त्या चार महिन्यांत मी बिड्या ओढायला शिकलो ते केवळ पेटलेल्या काडीचं काहीतरी करायला पाहिजे म्हणून.

भादवा संपत आला. साहेबानं किल्ल्यांचा जुडगा माझ्यासमोर ठेवला. "जा, घरी सांगून ये. घटस्थापनेला परत. दसऱ्याला मी तुला खुर्चीत बसवून स्टेशनावर जाणार."

मी निघायच्या आदल्या दिवशी स्टुडिओच्या दारात एक माणूस उभा. अंगावर घोंगडं, पाय चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेले. मेव्हणा, बायकोचा थोरला भाऊ. जांबोटीहून चालत आला होता.

"आईनं आंथरूण धरलंय," तो म्हणाला. "पोरीचंच नाव घेत्या. लई दिस काढंल असं वाटंना. तिला लावून द्या, दाजी."

मी त्याला चहा दिला. हो म्हणालो. तो आला तसा चालत गेला.

मोटारीत टपावर बसलो आणि विचार करू लागलो. बायकोला जांबोटीला जायचं म्हणजे जाऊन येऊन आठवड्याच्या वर. तिनं जायचं तर तिच्या जागी मूर्ती पाहिजे. त्या मूर्तीचे डोळे कुणी उघडायचे? गाव तर मी बघितलं होतं; उरलो मीच. आणि ती परत येईपर्यंत दसरा उलटून जाणार. निरोप मात्र माझ्या एकट्याच्या तोंडात होता. मेव्हणा नदीपर्यंत आला नव्हता. मी तो दसऱ्यानंतर दिला असता तर कुणाला कळणार होतं?

आता तुम्हीच बघा. मी तीन डोक्यांचा व्यापारी विकलेला माणूस. मारामारी केलेल्या सोल्जरांना देवदूत केलेला माणूस. खोटं बोलायला मला कधी दम लागला नव्हता. नावेत बसलो तेव्हा माझी गोष्ट तयार होती: माहेरचं कुणी भेटलं नाही, सगळं ठीक असावं.

घाटावर ती उभी होती. दिवेलागण व्हायची होती, हातात तेलाची बुधली. चार महिन्यांत वाळली होती, आणि गावातल्या बायका तिच्या पाया पडून जात होत्या, कारण त्या वर्षी पाणी खालच्या पायरीवरूनच फिरलं होतं आणि चेहरा तर देवीचाच. ती मला बघून म्हणाली, "बिड्या ओढाय लागलाय व्हय? वास येतोय."

आणि मी म्हणालो, "तुझ्या आईनं अंथरूण धरलंय. तुला बोलावलंय."

काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. तोंड उघडलं आणि खरं बाहेर पडलं.

तिनं बुधली पायरीवर ठेवली. मग म्हणाली, "तुमची खुर्ची कवा हाय?"

"दसऱ्याला."

"मग कसं जमंल?"

"मातीची करतो तुझी मूर्ती," मी म्हणालो. "दहा दिवसांची. तेवढ्यात तू जाऊन येशील."

"डोळं कोन उघडणार?"

"ते बघतो मी."

तिनं माझ्याकडं बघितलं. देवीसारखं नव्हे, वेगळं. "तुमी न्हाय उघडायचं," ती म्हणाली.

"बरं," मी म्हणालो.

त्या रात्री झोपलो नाही असं लिहायला हरकत नाही, पण मी गाढ झोपलो. पहाटे उठून काठावरची चिकण माती आणली आणि दुपारपर्यंत तिची मूर्ती उभी केली. हातभर उंचीची, हातात पणती धरलेली. फोटो समोर घेतला नाही. ती बाजूला बसून वाटेसाठी दशम्या भाजत होती, तिच्याकडं बघून केली. चिडलेली नव्हती ती त्या दिवशी. माझ्या हातून त्याच्यापेक्षा बरं काम झालेलं नाही, आणि हे सांगताना मी वाढवून सांगत नाही.

गाव जमलं. मी उगीच एकदा छिन्नीऐवजी काडी सगळ्यांपुढं धरली. पाटलांनी गुडघ्याला हात लावला. मी म्हणालो, राहू दे. नावाडी नाव सोडायच्या घाईत होता. मी काडीनं ओल्या मातीत दोन बुबुळं उघडली. डावं, उजवं.

"काय केलंसा!" बायको म्हणाली.

"बस नावेत. मोटार चुकंल."

"आनि तुमची खुर्ची?"

"खुर्चीला काय, चार पाय असतात. कुठं जात नाही ती," मी म्हणालो. तिला ठाऊक होतं की मी खोटं बोलतोय. मलाही ठाऊक होतं. नावाड्यालासुद्धा ठाऊक होतं, पण तो वल्ह्याकडं बघत राहिला.

ती नावेत बसली. नाव मध्यावर गेली तेव्हा ओरडली, "दूध वर शिक्यात हाय! मांजराला देऊ नगासा!"

दसऱ्याच्या संध्याकाळी मी घाटावर होतो. साऱ्या गावानं सोनं वाटलं, आपट्याची पानं घेऊन पोरं माझ्या पाया पडली. गुरव आप्पा शेजारी येऊन बसले. त्यांनीच माझ्या हातातून काडी घेतली, वाऱ्याला आडोसा करून पेटवली आणि परत माझ्या हातात दिली. मी मातीच्या मूर्तीपुढं दिवा लावला, मग माझ्या दगडाच्या हातातल्या पणतीत तेल घातलं. बेळगावात त्या वेळी साहेबाची गाडी सुटत असणार.

ती उशिरा आली. ठरल्यापेक्षा उशिरा, मातीला भेगा पडायला लागल्या होत्या, आणि त्या मी रोज ओल्या बोटानं बुजवत होतो. आई तिच्या मांडीवर गेली होती. "वळखलं मला," ती म्हणाली. "हात धरला तो सोडंना." एवढंच सांगितलं. जांबोटीची तांदळाची पुरचुंडी आणली होती, ती तिनं चुलीजवळ ठेवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिची मातीची मूर्ती पाण्यात सोडली. पाणी निवळलं होतं, तळ दिसत होता. आधी हाताची पणती गेली, मग खांदे. डोळे जरा वेळ राहिले.

"आण्णा, झालं की," नावाडी म्हणाला. "मातीचं तुमचं सुटलं, दगडाचं वैनी बगत्यात. आता तुमी मोकळं. बोला, कुठं सोडू?"

पुण्याचा माणूस माझ्या पाटीवर आपलं नाव रंगवून बसला होता, हे मला कळलं होतं. मी पलीकडच्या काठाकडं बघितलं. रस्ता होता, रस्त्यावर गाडी होती, मला कुणी अडवत नव्हतं. पण कुठल्याही गावाचं नाव तोंडात येईना.

"काय बगताय?" बायको मागून म्हणाली. "जायाचं तर जावा, न्हायतर तेलाची बुधली आणा. दिस मावळाय आला."

मी बुधली आणायला गेलो.